जावयाची तपासणी

लेकीच्या छातीत पाणी भरलं होतं. आडवं होता येईना, म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. श्वास घेताना घरघर वाजत होती. डॉक्टर आले ते सरळ जावयाकडे. "तुमचा रक्तगट जुळतो. पुढच्या तपासण्यांना मुंबईला कधी जाताय? नुसत्या मशीनवर हिला फार दिवस ढकलता येणार नाही."

जावई म्हणाला, "केळीची काढणी झाली की निघतोच."

हेच त्याने दिवाळीतही सांगितलं होतं. चोपड्याला त्यांच्याकडे एक बाग संपली की दुसरी काढणीला येते.

दोन्ही किडन्या गेल्यावर सासरच्यांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं. सुनेचं दुखणं माहेरी काढायचं, ही त्यांची रीत. मी विधवा, मला ती एकच. माझी किडनी घ्या म्हटलं, तर मला साखर निघाली. उरला जावई.

जावयासोबत आलेली विहीण म्हणाली, "पुरुषाचं अंग कापलं की तो कामातून जातो, विहीणबाई. शेत कोणी बघायचं?"

तिची मोठी सून डबा घेऊन आली होती. तिचा नवरा असाच आजारी पडला, तेव्हा किडनी हिनेच दिली. देतेस का, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. सरळ रक्त तपासायला नेलं. तिने डबा आपटला.

"आत्याबाई, मी एकाच किडनीवर केळना घड उचलस ना? मंग भाऊजीले काय व्हई?"

"तू बाईमाणूस, तुझं चालतं."

"आनि घड उचलाना येळले मी कोन व्हतू?"

मी म्हटलं, "जावईबापू, द्यायची नसेल तर तोंडाने नाही म्हणा."

"मी कुठे नाही म्हणतोय?" तो म्हणाला आणि संध्याकाळच्या एसटीने चोपड्याला गेला.

लेक रोज विचारायची, "आले का?" मी म्हणायची, "येतील." तिचे पाय सुजून चपलेत मावेनात. लघवी बंद झाली होती. मशीन लावून आणलं की एक दिवस बरा जायचा, मग परत घरघर. दाराशी पाऊल वाजलं की दोघी तिकडे बघायचो. नर्स असायची.

त्याच हिवाळ्यात लेक गेली. जावई तपासणीला कधीच गेला नाही. तो आहे. त्याचा भाऊ बायकोच्या किडनीवर आहे, आणि ती बायकोही आहे.