दारावरची खुर्शिद

हां, तर खुर्शिदनं हौसरावाचं मनगट धरलं होतं, तिथवर आपण काल आलो होतो. हौसराव म्हणजे आमच्या गावातला मोठा संशयी गडी. दम लागतोय म्हणून तळेगाव ढमढेऱ्याच्या त्या दहा खाटांच्या दवाखान्यात आलेला. खुर्शिद, तिथली मावशी, खाटेशेजारी उभी, दोन बोटं त्याच्या नाडीवर, समोर भिंतीवर घड्याळ. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दीड गेलं, हात काही सुटेना. हौसराव घाबरला. मला म्हणतो, "आबा, सापडंना का काय माजी नाडी?"

"गप ऱ्हावा मामा," खुर्शिद म्हणाली, "नाडी हाय तुमची. जिभंपेक्षा जरा हळू चालती, येवढंच."

नंतर व्हरांड्यात तिनं मला खरं काय ते सांगितलं. "आबा, नाडी तर पयल्या अर्ध्या मिंटातच मोजून झाली. पुढं मी त्यांचा श्वास मोजीत व्हते. श्वास मोजते म्हनलं की मानूस लगीच छाती फुगवून बसतो, मग खरा आकडा कुठला मिळायला? म्हनून हात धरून ठिवायचा आन् डोळा पोटावर."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पण इतकी साधी हुशारी मला कुठल्या मास्तरानं शिकवली नव्हती. मला त्याचा एवढा आनंद झाला, की पुढचे चार दिवस घरात जो सापडेल त्याचं मनगट धरून मी श्वास मोजत होतो. सून वैतागून म्हणाली, "मामंजी, भाकरी करपती, हात सोडा."

ही खुर्शिद मूळची कासुर्डीची. लग्न होऊन तळेगावात आली. नवरा अयुब गाद्यांचा कापूस पिंजायचा. वीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेली आणि एके दिवशी धाप लागून याच दवाखान्यात येऊन पडला. डॉक्टर रोज यायचे, काहीतरी इंग्रजी सांगायचे, घरचे सगळे माना हलवायचे. नवव्या दिवशी अयुब गेला. खुर्शिद मला एकदा म्हणाली, "नऊ दिस आमी मान हलवीत व्हतो, आबा. त्ये काय सांगत व्हते त्यातलं येक अक्षर कळलं न्हाई. त्यो जानार हाय, येवढं जरी कळलं असतं तर त्याच्याजवळ बसले असते. मी घरी गोधड्या धूत बसले."

डॉक्टर माणूस चांगला. पदरात लहान लेक होती म्हणून त्यानं तिला दवाखान्यात मावशी म्हणून ठेवून घेतलं. झाडलोट, भांडी, चादरी. पण हिनं पहिल्या महिन्यापासून एक खोड लावून घेतली. डॉक्टर खाटेपाशी काही बोलले की सगळ्यांसमोर विचारायची, "म्हंजी काय, सायेब?" आधी नर्सबाई हसल्या. मग डॉक्टर वैतागले. मग सवय झाली, आणि शेवटी डॉक्टर स्वतःच म्हणायला लागले, "खुर्शिद, यांना जरा तुझ्या भाषेत सांग."

तिची भाषा म्हणजे काय वर्णावी! ॲक्यूट आणि क्रॉनिक यांतला फरक तिनं साऱ्या तालुक्याला शिकवला. "ॲक्यूट म्हंजी पावना. दनादना येतो, घर डोक्यावर घेतो, चार दिसांनी जातो. क्रॉनिक म्हंजी घरजावई. त्यो जात न्हाई. त्याला सांभाळूनच घ्यावं लागतं." एक खराखुरा घरजावई तिथं सासऱ्याला घेऊन आला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ब्लड प्रेशर म्हणजे मोटरीचा जोर. पाइप जुना झाला आणि जोर तोच राहिला तर फुटणार कुठंतरी. आजाराच्या खुणा दोन जातींच्या, असं ती सांगायची. एक पेशंट बोलतो ती, आणि एक आपल्याला दिसते ती. "डोकं दुखतंय ही त्याची खूण. ताप येकशेदोन ही आपली खूण. त्याची ऐकायची, आपली मोजायची." असं सगळं.

आता पुढचं सांगताना मला दरवेळी पाणी प्यावं लागतं.

अठ्ठ्याण्णव साल. माझा दोस्त भिमाजी त्या दवाखान्यात ॲडमिट झाला. आमच्या गावचा मातब्बर गडी, सोसायटीचा माजी चेअरमन, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर चासकमानच्या कॅनॉलपल्याड ऐकू जायची. साखरेचा आजार जुना, पथ्याच्या नावानं शंख. त्या साखरेनं त्याच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखे झालेले. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार वाढलाय, तीन दिवसांनी पुण्यात डायलिसिसला नंबर लागलाय, तोवर जपायचं.

भिमाजीची बायको साखरबाई. तिनं खुर्शिदला विचारलं, "बाई, जपायचं म्हंजी काय करू?"

खुर्शिद तिच्याजवळ खाली फरशीवर बसली. "मामी, किडनी म्हंजी गाळनी. यांची गाळनी बुजलीया. आत गेलेलं पानी बाहेर पडत न्हाई, म्हनून सूज. म्हनून दिसाला पाऊन लिटर पानी, त्याच्यावर थेंब न्हाई. आन् दुसरं, ह्यो क्षारबी बाहेर पडत न्हाई. त्यो वाढला की काळीज ठेका चुकतं. ढोलकीवाला दारू पिऊन बसल्यावानी. मग येकदम थांबतं. केळं न्हाई, मोसंबी न्हाई, आन् शहाळं तर बिलकुल न्हाई. शहाळ्यात त्योच क्षार भरलेला असतो."

"शहाळं तर आजाऱ्यालाच देत्यात की गं!"

"धडधाकट किडनीवाल्या आजाऱ्याला, मामी. ह्यांना त्ये इख हाय."

खाटेच्या पायाला एक कागद अडकवला होता. एका बाजूला आत काय गेलं, दुसऱ्या बाजूला बाहेर काय आलं. खुर्शिद दोन्ही मापून नर्सबाईंना सांगायची. भिमाजीला त्याचा फार राग. "रखमा," मला म्हणाला, "चेअरमन व्हतो तवा माझ्या सहीनं कॅनॉलचं पानी सुटायचं. आता माझं मुतबी ही बाई मोजती."

"मोजती म्हनून तर तुमी शिव्या द्यायला शिल्लक हायसा, मामा," खुर्शिद म्हणाली. भिमाजी हसला. पण ओठ तडकलेले होते त्याचे, हसताना रक्त आलं. तहान त्याला खात होती. ओला कापूस ओठाला लावला की तो कापूसच चोखायचा.

दोन दिवस निभावले. तिसरा दिवस नेमका बाजाराचा.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाजाराला आलेला माणूस दवाखान्यात कुणी ओळखीचं पडलंय असं कळलं की डोकावून जातोच, आणि रिकाम्या हातानं जात नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी शहाळ्यांची हातगाडी लागायची. त्यातून भिमाजी चेअरमन! सकाळपासून जीपा भरभरून माणसं. प्रत्येकाच्या हातात शहाळी. खुर्शिद दारात उभी राहिली, कमरेला पदर खोचून. शहाळं दिसलं की हात आडवा.

"तू कोन गं आम्हाला अडवनारी?" एका गावपुढाऱ्यानं विचारलं. "झाडू मार तिकडं."

"मारते की. आधी ह्ये शहाळं बाहेर ठिवा, मग तुमच्या पायाखालची जागाबी झाडते."

"चेअरमनला पानी पाजायला आता तुझी परवानगी?"

"माझी न्हाई, त्यांच्या किडनीची."

असं दुपारपर्यंत चाललं. व्हरांड्यात तीस-पस्तीस शहाळ्यांचा ढीग लागला.

दोनच्या सुमाराला मी पोचलो. माझ्याही हातात शहाळी होती. होती, खोटं कशाला बोलू? श्वास मोजायला शिकलेला, ॲक्यूट-क्रॉनिक लोकांना ऐकवत फिरणारा मी. खुर्शिदचं सगळं मला माहीत होतं. पण साठ वर्षांच्या दोस्ताला बघायला रिकाम्या हातानं जायला पाय उचलेना. एक नेऊ नये म्हणून जोडी घेतली, गाडीवाल्याकडून तोंडं तासून घेतली, नुसतं बोट घातलं की उघडतील अशी.

खुर्शिद माझ्याकडं बघतच राहिली. "आबा, तुमीबी?"

मी ओशाळलो. म्हणालो, "त्याला न्हाई गं. साखरवहिनींना आणली. तीन दिस झाले, बाई पोटभर जेवली न्हाई." तोंडात आलं ते बोललो. आणि बोललो ते खरं करायला आत जाऊन जोडी साखरबाईच्या हातात दिली. "तुम्ही तरी प्या, वहिनी."

खुर्शिद काही बोलणार होती. तेवढ्यात आतल्या खोलीत एका बाळंतिणीला चक्कर आली आणि नर्सबाईंनी हाक मारली. ती धावली. मी भिमाजीशी दोन शब्द बोललो, त्याला झोप लागतीयसं वाटलं, म्हणून चहाला बाहेर पडलो.

परत आलो तर खुर्शिद खाटेशी उभी होती, बोटं भिमाजीच्या नाडीवर. यावेळी तिची नजर पोटावर नव्हती. घड्याळावरही नव्हती. खाटेखाली होती. तिथं दोन शहाळी आडवी पडलेली, रिकामी.

"सायेब!" ती ओरडली. "नाडी चुकतीया! चाळीसवर आलीया!"

डॉक्टर धावत आले. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली. भिमाजीनं काय प्यायलं, किती प्यायलं, ते खुर्शिदनं त्यांना एका दमात सांगितलं. शिरेतून इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. भिमाजीला तोवर शुद्ध होती. माझ्याकडं बघून म्हणाला, "रखमा, काय गोड व्हतं रं." लोणीकंद ओलांडल्यावर त्याची मान कलंडली. मी त्याच्या पायाशी बसलो होतो.

माती झाली, दहावा-तेरावा झाला. गावानं आपलं ठरवून टाकलं, चेअरमनचं आयुष्य तेवढंच होतं. पाव्हणे म्हणाले, पुण्याला न्यायला उशीर झाला. कागदावर डॉक्टरांनी क्रॉनिक रीनल फेल्युअर लिहिलं, आणि ते काही खोटं नव्हतं. साखरबाई मात्र भाकरीचा तुकडा तोंडात धरून तासभर बसायची. चावायची नाही. एक दिवस मला म्हणाली, "भावजी, मला तळेगावला न्या. मला त्या बाईला येक इचारायचंय. तुम्ही सगळी मला गोड गोड सांगताय."

जीप दवाखान्याशी थांबली. मी पुढं होऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "आबा, म्हातारीला काही सांगू नका, कोलमडून पडेल. असंही ते फार दिवस काढणार नव्हते." मग खुर्शिदला हाक मारून तिलाही तेच बजावलं. ती ऐकत उभी राहिली. आणि तिच्या नोकरीच्या बारा वर्षांत मी प्रथमच पाहिलं, की डॉक्टर बोलले आणि तिनं मान हलवली नाही, उलट विचारलंही नाही.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. साखरबाई मधे, मी एका कडेला. खुर्शिद हात पुसत आली आणि समोर फरशीवर बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशीच.

साखरबाई म्हणाली, "तू दारावर व्हतीस. मला सांगितलं व्हतंस. पन त्यांनी हात जोडले गं माझ्यापुढं. चाळीस वर्सांत त्या मानसानं मला कवा हात जोडले न्हाईत. म्हनले, येक घोट दे, फकस्त येक. मी दिला. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, सोडलंच न्हाई. दुसरंबी मीच उघडलं." मग तिनं खुर्शिदचं मनगट घट्ट धरलं. "आता खरं सांग. माझ्या हातनं गेले का त्ये?"

मी खुर्शिदकडं डोळ्यांनी खुणावत होतो, नको, नको. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग साखरबाईकडं पाहिलं. खुर्शिदचे डोळे भरले होते, आवाज मात्र रोजचा, खाटेशी बसून समजावतानाचा.

"व्हय, मामी. शहाळ्यानंच गेले. घरजावई आज ना उद्या घर बुडवनारच व्हता, पन त्या दिवशी गेले त्ये शहाळ्यानं. मी खोटं बोलले तर तुमी जलमभर मलाच इचारीत बसाल. पन त्याचे तीन वाटे करा. आणलं आबांनी, पाजलं तुमी, आन् हातात दिलेलं दिसत असून दार सोडून गेले मी. एकटीनं सगळं उचलू नगा. आन् आता जेवा."