टिबुकलीचा फोटो

गंगाधर परचुरे भोरच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला, लांब पल्ल्याची लेन्स घेतली आणि गावातल्या निसर्ग मंडळात नाव घातलं. मंडळाचा सेक्रेटरी शौनक हा त्यांचाच जुना विद्यार्थी. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीचं तळं गाळानं भरून गेलं होतं, ते मंडळानं हाती घेतलं. दोन उन्हाळे मंडळी दर रविवारी फावडी-घमेली घेऊन तिथं खपली.

गाळ काढताना वाडीतल्या सगुणाबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "मधला गाळ न्या, पर कडंची पानकणसं ऱ्हाऊ द्या. तितं पाखरं बसत्यात." सगुणाबाईंचा नवरा कधीच वारला होता, लेक सासरी. घरात त्या आणि दोन म्हशी. मंडळानं त्यांचं ऐकलं, एका बाजूची उंच पात्यांची पाणकणसं राखली. दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, तिथं टिबुकलीनं घरटं केलं. मुठीएवढा पाणपक्षी, पाण्यावर तरंगतं शेवाळाचं घरटं, आत चार अंडी.

परचुरे सर तीन दिवस हेलपाटे घालत होते. पक्षी दिसे, पण मध्ये सारखी पाती येत. चौथ्या दिवशी ते एकटेच गेले, बरोबर विळा घेऊन. दहा-बारा पाणकणसं कापली तर काय बिघडतं, असं मनाशी म्हणत गुडघाभर पाण्यात उतरले. दहा-बारांनी भागेना. एका पात्याची सावली पडत होती, तेही कापलं. त्याच्या शेजारचंही. मग काठावर येऊन तासभर दबून बसले. टिबुकली परत आली, अंड्यांवर वाकली आणि सरांना आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो मिळाला.

दोन दिवसांनी ते पुन्हा गेले, तर घरटं कलंडलेलं. आत एकही अंडं नव्हतं, पाण्यावर टरफलाचा एक तुकडा होता. वरच्या जांभळीवर दोन कावळे बसले होते. आता ते घरटं काठावरून कुणालाही उघडं दिसत होतं.

रविवारी मंडळी आली. शौनकनं पाणकणसांतली मोकळी जागा पाहिली, चिखलातले खुरांचे ठसे पाहिले आणि म्हणाला, "म्हशी घुसल्या असणार. हो ना सर?"

"असेल," सर म्हणाले.

नंतर कितीतरी दिवस त्यांना तो शब्द आठवे. 'मी कापली' म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता.

म्हशी आत शिरू नयेत म्हणून दिवाळीच्या आत तळ्याला तारेचं कुंपण पडलं. गावानंही हरकत घेतली नाही. सरांचा फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर आला, पुण्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. भोरमधल्या शिंप्याकडं गेलं तरी तो भिंतीवर, दवाखान्यात गेलं तरी भिंतीवर. लोक थांबवून विचारत, "सर, इतका स्वच्छ कसा हो मिळाला?" सर हसून वेळ मारून नेत.

फाल्गुनात वाडीजवळचा ओढा आटला, तळं तर कुंपणाआड. सगुणाबाई भर उन्हात म्हशी हाकत खाली नदीपर्यंत जायच्या, तासभर जायला आणि दीड तास चढून यायला. चैत्र उजाडायच्या आत त्यांनी दोन्ही म्हशी विकल्या. कापूरहोळचा टेम्पो येऊन घेऊन गेला, असं शौनकनं सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही.

मे महिन्याच्या बैठकीत ते उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. शौनक खाली बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "सर, मी तुम्हालाच विचारलं होतं."

पुढच्याच रविवारी कुंपण निघालं. सर वाडीवर गेले. सगुणाबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, कोरा चहा दिला. सरांनी चाचरत सांगायला सुरुवात केली, तसं त्यांनी हातानंच थांबवलं.

"मी तवा बांधावरच व्हते, मास्तर. पायलं समदं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"माझं कोन ऐकनार व्हतं? आन वाटलं, तुमी शाळंतलं मानूस. आज न्हाई तर उद्या बोलाल. लई दिस वाट बगितली."

"मी म्हशी परत आणून देतो, सगुणाबाई. कुठं विकल्या ते सांगा."

"नगं. गुडघं गेलं आता माजं त्या चढानं. आनून करू काय?"

सरांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढंही जमलं नाही.

पुढच्या भाद्रपदात पाणकणसं पुन्हा दाट झाली आणि टिबुकलीची जोडी आली. तळ्यावरून खाली उतरताना सर सगुणाबाईंच्या दारात थांबले. त्या सुपात नाचणी पाखडत होत्या.

"टिबुकली आली," सर म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या. एसटीची वेळ झाली म्हणून सर निघाले.