दोन ताडपत्र्यांआडची मोसंबी

कुंभार पिंपळगावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, दुसऱ्या एका मिस्त्रीचं. पाच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. पेरणीयंत्राचा माझा फण त्याने उचलला, असं माझं म्हणणं; मीच त्याचा उचलला, असं त्याचं. मला राग पटकन येतो, जायला मात्र त्याला फुरसत नसते.

त्या वर्षी शहरातून तयार अवजारं येऊ लागली आणि माझं दुकान बसलं. जालन्याच्या एका सळईच्या कारखान्यात मी नोकरीसाठी अर्ज टाकला. जाण्याआधी शेवटचा डाव म्हणून एका ओळखीच्या बागायतदाराला म्हणालो, मोसंबी निवडायचं यंत्र करून देतो. लहान, मध्यम, मोठी, आपोआप वेगळी. तोडणीला पंधरा दिवस होते. जमलं तर दुकान राहणार, नाही तर कुलूप.

समोरच्याला कळू नये म्हणून दुकानापुढे ताडपत्री लावली. पोतंभर मोसंबी आणली असती तर गुपित फुटलं असतं, म्हणून आठवडी बाजारातून लहानमोठे रबरी चेंडू आणले. दोन पाइपांमधली फट पुढे रुंद होत जायची आणि चेंडू आपापल्या मापाला खाली पडायचे. मी खूश. मग पिशवीत लपवून आणलेली थोडी खरी मोसंबी घातली. मापं बरोबर पडली, पण लोखंडी खोक्यात आदळून. तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर डाग. चेंडू आदळला तर उडतो, मोसंबी ठेचली जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला तेव्हा कळलं.

मी पाने-हातोडे आपटत बसलो. बायकोने त्या डागी मोसंबीचा रस काढला, पातेलं उचललं आणि थेट समोरच्या दुकानात गेली. मी हाक मारली. तिने ऐकली नाही.

"भाऊजी, रस घ्या. आमच्या मिस्त्रीच्या मशीननं मोसंबी ठेचली सगळी."

तो ग्लास हातात धरूनच बाहेर आला. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"मोसंबीचं मशीन करून राह्यले का तुम्ही? मला वाटलं, खेळण्याचं दुकान टाकता."

"तुम्हाला काय करायचं?" मी म्हणालो.

"चला, दाखवतो."

त्याच्याही दुकानापुढे ताडपत्री होती. आत कांद्याची पोती जाताना मी पाहिली होती आणि हा आता कांद्याच्या व्यापारात पडला, असं गावभर सांगतही होतो. आत पाहतो तर मोसंबी निवडायचं यंत्र! शहरातल्या अवजारांनी त्याचंही दुकान बसत आलं होतं. खाटेच्या नवारीच्या मऊ झोळ्या, मालाला ओरखडा नाही. पण मापं काही केल्या जुळत नव्हती. लहानमोठं सगळं एकाच झोळीत. गुपित फुटू नये म्हणून हा गडी कांद्यावर चाचणी घेत होता.

मला हसू आवरेना. त्यालाही.

"हसता काय?" बायको म्हणाली. "मंग जोडा की आता जल्दी."

माझे पाइप, त्याच्या झोळ्या. गावातल्या गादीवाल्याने नवार दुहेरी शिवून दिली. मोटारी दुरुस्त करणाऱ्याने फळं हळू सरकवायची युक्ती सांगितली. तोडणीच्या दिवशी पहिली मोसंबी गडगडत आली आणि आपल्या झोळीत अलगद बसली. त्यातली चार घरी आणून मी चार दिवस देवघरात ठेवली. एकीवरही डाग नाही. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, पण हे बायकोसमोर बोललो नाही.

बागायतदाराच्या शेजाऱ्याने लगेच दुसरं यंत्र करायला सांगितलं. आम्ही दोघं मिस्त्री त्याच्याखाली आडवे पडून बोल्ट आवळत होतो, तेव्हा माझा फोन वाजला. माझे हात ग्रीसने माखलेले. त्याने आपले विजारीला पुसून फोन घेतला आणि ऐकून मला म्हणाला, "कारखान्यातून हाय. सोमवारी हजर व्हा म्हणतेत."

मी तोंड उघडायच्या आत त्याने उत्तर देऊन टाकलं.

"न्हाई जमणार, साहेब. ते आता माझ्यासंगं काम करतेत."

माझ्या वतीने दुसऱ्या कुणी बोललेलं मला बिलकुल खपत नाही. त्या दिवशी खपलं. मी त्याच्याकडे नुसता पाना मागितला.