मागचा उजवा इंडिकेटर

जबलपूरच्या गोहलपुरात बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि समोरचा रस्ता. ट्रक रस्त्यातच उभा राहायचा आणि येणारे-जाणारे पुटपुटत बाजूने निघून जायचे. आम्ही मूळचे नागपूरकडचे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा आजोबांनी जबलपूर सोडलं नाही, म्हणून बाबा दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलत आणि घरी येऊन आमच्याशी मराठीत.

त्या रविवारी मी दीक्षितपुऱ्यातल्या घरून त्यांचा डबा घेऊन गेले होते. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, तिशी उलटली होती. दुकानासमोर लांब नाकाचा एक जुना ट्रक उभा होता. त्याचा मागचा उजवा इंडिकेटर लागत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी आरटीओत गाडीचं पासिंग होतं. ड्रायव्हर बाबांचा कितीतरी वर्षांचा गिऱ्हाईक, तो चहाला गेला होता. हाताखालचा माणूस लग्नाला गावी. म्हणून बाबांनी डबा बाजूला ठेवला आणि मला केबिनमध्ये चढवलं. साडी नेसून ट्रकमध्ये चढणं म्हणजे काय असतं, ते चढणारीलाच ठाऊक.

बाबांच्या कामाचा एक नियम होता. केबिनमधल्याने फक्त इंडिकेटरची दांडी ओढायची. दिवा लागला की नाही ते मागे उभा असलेला सांगेल, आणि मागच्याचा शब्द शेवटचा. आतून हुज्जत घालायची नाही, बोलावल्याशिवाय उतरायचं नाही. या नियमावर त्यांच्या हाताखालची किती माणसं तयार झाली.

मी उजवीकडे दांडी ओढली. डॅशबोर्डच्या मागे फ्लॅशर टिकटिकटिक करत सुटला. एवढी घाई म्हणजे एक बल्ब बंद, हे मलाही माहीत होतं. बाबांनी मागच्या दिव्याची काच काढली, बल्ब बदलला. टिकटिक तशीच. मग ते म्हणाले की अर्थिंग गेलं असेल. दिव्याची तार जिथे चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने कसलेली असते तिथे गंज धरतो. बराच वेळ कानशीने घासण्याचा आवाज येत राहिला. त्यांनी बोल्ट कसला, मी पुन्हा दांडी ओढली, आणि टिकटिक संथ झाली. टिक, टिक, टिक. अगदी असायला हवी तशी.

"नाही लागून राहिला," बाबा मागून म्हणाले.

आवाज तर बरोबर येतोय, असं मी ओरडून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की आवाजाचं सोड, करंट दुसरीकडून वाट काढत असेल, दांडी तशीच राहू दे. मग त्यांनी चॅसीवरच्या वायरींची टेप सोडायला घेतली. अर्धा तास गेला. उन्हाने केबिनचा तवा झाला होता, डबा गार पडत होता, आणि ती टिकटिक माझ्या डोक्यात बसली. शेवटी मी न विचारता उतरले.

ट्रकची मागची बाजू भिंतीच्या सावलीत होती. उजवा बल्ब लागत होता, विझत होता, लागत होता. त्याचा उजेड बाबांच्या बनियनवर पडत होता. ते हातभर अंतरावर उभे राहून सरळ त्याच्याकडेच बघत होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "काहून उतरली तू? अजून लागला नाही ना."

 विचार करायच्या आधीच माझं तोंड सुटलं, कारण तासभर उकडून मी वैतागले होते. मी म्हणाले, "लागून राहिलाय, बाबा. केव्हाचा लागून राहिलाय. तुम्हाला दिसत नाही का?"

 हात पुढे करून बाबांनी बल्ब चाचपला. चटका बसला, तरी हात लगेच काढला नाही.

ड्रायव्हर तोवर परत आला होता, माझ्या मागेच उभा होता. बाबा मान वळवून त्याच्या दिशेने म्हणाले, "भैया, तो अब तक कितनी गाड़ियाँ ऐसे ही भेज दीं मैंने?"

तो माणूस भला. घाईघाईने म्हणाला, "एक भी नहीं, बाबूजी. यहाँ से निकलकर हम सब आगे दूसरे मिस्त्री को दिखा लेते हैं. साल भर से."

त्याने धीर द्यायला म्हटलं होतं. बाबांनी मान हलवली, त्याला बरं म्हटलं आणि सोडलेली टेप बोटांनी चाचपत परत गुंडाळली. एक वेढाही वेडावाकडा गेला नाही. मग त्यांनी शटर ओढलं. ते दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

एवढी माणसं वर्षभर गप्प राहिली. डोळे अधू झाल्याचं मला त्यांना घरी नेऊन, जेवू घालून, हळू सांगता आलं असतं. मी ते भर रस्त्यात, त्यांच्या गिऱ्हाइकासमोर विचारलं, आणि तेही ते उपाशी असताना.