जिलानीमियांनी फिरवलेला काटा

लातूरच्या गंजबाजारातल्या आडत्यांचा एकवेळ जावयावर भरवसा नसेल, पण जिलानीमियांनी दुरुस्त केलेल्या काट्यावर असायचाच. भूकंपानंतर किल्लारीला धान्य वाटायचं होतं, तेव्हाही काटे लावायला ह्यांनाच नेलं होतं. त्यांची बायको अमीरबी हे इतक्यांदा सांगायची, की बायका तिला बघूनच माना डोलवायला लागायच्या.

पुढं ट्युशनच्या पोरांनी शहर भरलं, घराघरावर भाड्याच्या खोल्या चढल्या. अमीरबीच्या घरात आली ती नात. आठ वर्षांची मनतशा. आई अल्लाघरी, बाप ट्रकवर आणि पोरीच्या दोन्ही किडन्या निकामी. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. पोरीला लघवीच होत नव्हती. प्यालेलं पाणी अंगातच राहायचं. म्हणून सिस्टर पार्वतीबाईंनी बजावलं होतं, "रोज सकाळी वजन करा, वहीत लिहा. वजन चढलं की पाणी कमी. जास्त झालं तर छातीत भरेल."

घरचा काटा अर्थात जिलानीमियांनीच लावून दिला. पाण्याचे घोट मोजून द्यायचे, ते अमीरबीनं. पोरीच्या शिव्या खायच्या, त्याही तिनंच.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी काट्यानं अर्धाच किलो चढ दाखवला. अमीरबी खूश. शेजारीण म्हणाली, "गाल भरले की गं पोरीचे!" रिक्षात बसेपर्यंत पोरीला धाप लागली.

दवाखान्याच्या काट्यावर सव्वादोन किलो जादा.

"तुमचा काटा खोटा हाय, बाई," अमीरबी ठसक्यात म्हणाली. "आमच्या मियांना धाडते, नीट करून देतील."

पार्वतीबाईंनी दुसरा काटा आणला. तोही तेच बोलला. पोरीच्या नाकाला ऑक्सिजन लागला, मशीन सुरू झालं. दोन तासांनी धाप जरा कमी झाली, तशी मनतशा पुटपुटली, "दादाला रागावू नको, दादी. मी लई रडले, मग त्यांनी पाणी दिलं. काटा मागं फिरवला. म्हणले, वही खूश तर तुझी दादी खूश."

निरोप मिळून आलेले तिचे दादा, जिलानीमियां, दाराशीच टोपी चुरगाळत उभे होते.

"लेकरू घोटभर पाणी मागत होतं गं..."

"मग पाजायचं, अन् मला सांगायचं! दुसऱ्या दिवशी मी तेवढं पाणी तोडलं असतं. काटा कशाला फिरवला?" तिचा आवाज फाटला. "आडत्यांनी पाय धरले तरी छटाकभर हलवला न्हाई तुम्ही. फसवायला मीच घावले?"



पोरगी त्या दिवशी वाचली. आता अमीरबी रोज सकाळी तिला घेऊन वीरण्णाच्या मेडिकलवर वजन करायला जाते, तेही मियांच्या दुकानासमोरूनच. काटेवाल्याची बायको वजनाला दुसऱ्याच्या दारात! गल्लीला एवढं चघळायला पुष्कळ झालं.

त्या दोघी परतताना मियां हातातलं काम टाकून उठतात. "किती भरली?"

"दवाखान्यात विचारा," अमीरबी म्हणते आणि पोरीचा हात धरून पुढं जाते.