नळीत एकच गोळी होती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि देवापुढे उभा राहिलो तेव्हाही घशाशीच ठेवलं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं? नाही. मध्येच अडखळलो तर समजून घेऊ नका. अडखळणं हा माझ्या टाळाटाळीचाच एक प्रकार आहे.

मी शिक्षक होतो. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. थोडं पुढे नदी ओलांडली की मध्य प्रदेश. नोकरी सगळी गावच्याच प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलेलं. मला कोणी नावाने हाक मारत नाही—गुरुजी. भांडण झालं की गुरुजींना विचारायचं, अर्ज गुरुजींनीच लिहायचा. आणि मला ते आवडतं. फार आवडतं. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वडिलांकडून मला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मिळाली आणि एक ठासणीची बंदूक. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून भरायची—आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायचं. परवाना पिकाच्या राखणीचा. कितीतरी वर्षं ती नुसती भिंतीवरच होती. मग रानडुकरांनी उच्छाद मांडला आणि आमच्यासारख्या दोघा-तिघांना डुक्कर मारायची परवानगी मिळाली. फक्त डुक्कर, आणि तेही आपल्याच शेतात. चितळाकडे नळी वळवली की गुन्हा.

तेव्हा आमच्या भागात एक तरुण वनरक्षक नव्याने आल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. ग्रामपंचायतीत येऊन त्यांनी नीट समजावलं—नळीच्या मापाची शिशाची गोळी भरायची, एकच. छर्रे नकोत, खिळे नकोत. छर्ऱ्यांनी जनावर जागच्या जागी मरत नाही, अंगभर जखमा घेऊन कुठेतरी शिरतं आणि तडफडत राहतं. त्या गेल्यावर हाच नियम गावाला पुन्हा कोणी समजावला? मीच. हातात खडू नव्हता, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. येतोच.

माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, मी आज-उद्या करत होतो. दोनदा पहाटे मी नियमाप्रमाणे गोळी भरून बसलो आणि दोन्ही वेळा हुकलो. शेजारच्या शेतातला शालिक—माझाच विद्यार्थी, आता पोराबाळांचा धनी—चारचौघांत म्हणाला, "गुरुजी, डुक्कर तुमच्या खोकल्याले भेते जी, गोळीले नाही." सगळे हसले. मीही हसलो. पण आतून मला ते लागलं. किती क्षुल्लक गोष्ट! पण लागलं.

एक गोळी हुकते, पण मूठभर छर्रे पसरतात, त्यातला एखादा तरी लागतोच. हे गणित मला येत होतं. शालिक आपल्या अंगणात सायकली दुरुस्त करायचा. त्याच्याकडे सायकलच्या छर्ऱ्यांनी भरलेला एक डबा होता. मी त्याला म्हणालो, फाटकाच्या चाकाला हवेत. त्याने एक शब्द न विचारता माझ्या रुमालात मूठभर ओतले. हो—त्याच्याच डब्यातले.

धान लोंबीवर आलं होतं. पहाटेचं धुकं होतं. लोंब्यांत काहीतरी तपकिरी हललं आणि मी डुक्कर पाहिलं. खरंच पाहिलं? की जे पाहायचं होतं तेच पाहिलं? मी चाप ओढला. मग जो आवाज आला तो डुकराचा नव्हता. धूर विरला तेव्हा धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, चितळाची मादी तीन पायांवर उडी घेत शालिकच्या शेतात उतरताना दिसली. पाठीवरचे ठिपके माझ्या तसल्या डोळ्यांनाही दिसले.

त्याच क्षणी मॅडमना फोन केला असता तर? फोन खिशातच होता. मी घरी आलो, नळी पुसली, चहा घेतला. साखर कमी आहे, असंही बायकोला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शालिकला सापडली, त्याच्या बोडीच्या काठावर. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. पाण्यापर्यंत पोचून ती तिथेच कोसळली होती. जिवंत होती. त्याने ओंजळीने तिच्या तोंडात पाणी सोडलं, अंगावर गोणपाट टाकलं आणि मॅडमना स्वतः फोन केला. स्वतः! जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ती गेली. अंगातून निघाले ते सायकलचे छर्रे. शेत शालिकचं, डबा शालिकच्या अंगणात. त्याच्याकडे बंदूक मिळाली नाही, पण कुठेतरी लपवली असेल असं मॅडमचे वरचे साहेब धरून चालले.

मॅडम माझ्याकडेही आल्या. आवाज माझ्या बाजूनेही आला होता असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, नळीत काय भरलं होतं? मी शिशाच्या गोळ्यांची थैली त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मी डुकरावरच झाडली, हुकली. नळीत एकच गोळी होती." शालिक तिथेच होता, दोन वनमजुरांच्या मध्ये उभा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर शंका नाही गुरुजी, विचारावं लागतं." ज्या माणसाने गावाला नियम शिकवला तो मोडेल कसा? नियम मला तोंडपाठ होता, म्हणूनच खोटं इतकं सफाईने निघालं.

छर्रे कोणाकोणाला दिलेस, असं साहेबांनी शालिकला माझ्यासमोर विचारलं. तो म्हणाला, "साऱ्या गावालेच देतो जी, कोनाकोनाचा नाव सांगू?" मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते—भीतीची नाही, त्या सुटकेची.

तो आधी वनकोठडीत, मग भंडाऱ्याच्या जेलमध्ये राहिला. उन्हाळ्यात जंगल आगीपासून राखायचं काम तो कितीतरी वर्षं करत होता, कधीतरी कायम होऊ या आशेवर. ते काम गेलं, आशाही गेली. चितळाला मारणाऱ्याला जंगलात कोण ठेवणार? त्याची बायको माझ्याकडे आली, पदर डोळ्याला लावून म्हणाली, गुरुजी, अर्ज लिहून द्या. मी लिहिला. शुद्ध, वळणदार अक्षरात. त्यात एक वाक्य आहे—'खरा गुन्हेगार अद्याप अज्ञात आहे.' लिहिताना पेन थांबला नाही. उलट 'अद्याप' हा शब्द बरा बसला असं मनात आलं. मी कोणत्या मातीचा माणूस आहे?

तो जामिनावर सुटला. वर्षं उलटली, खटला अजून उभा आहे. प्रत्येक तारखेला मी त्याच्यासोबत एसटीने तुमसरला जातो, वकिलाशी बोलतो, कोर्टाच्या बाकावर बसतो. गाव म्हणतं, गुरुजींचं मन मोठं. मी ते ऐकून घेतो. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता सगळं लख्ख दिसतं. बंदूक ठाण्यात जमा केली, वयाचं कारण देऊन. तेही खोटंच.

मागच्या तारखेला परत येत होतो. नेहमीप्रमाणे त्याने मला खिडकीची जागा दिली होती. शेंगा सोलत, दाणे माझ्या हातावर ठेवत तो अगदी सहज बोलला, धानाच्या भावाबद्दल बोलावं तसा. "गुरुजी, छर्रे तं तुमीबी नेले होते, फाटकासाठी. तुमच्या फाटकाले तं चाकच नाही जी." मी हातातला एक दाणा तोंडात टाकला. तो म्हणाला, "सायबानं इचारला तवा मले याद होता. पन तुमी मॅडमले सांगतले, गोळी होती. मंग म्हनलो, गुरुजी म्हनते तं गोळीच असन."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. चौथीत फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, तसं त्याने माझं खोटं उतरवून घेतलं होतं आणि इतकी वर्षं सांभाळलं होतं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? बस अर्धी रिकामी होती. ऐकणारा तोच होता, आणि त्याला सगळं ठाऊकच होतं. दोन शब्द पुरले असते.

समोर आमचा फाटा दिसायला लागला. मी म्हणालो, "चल, उतरायचं आलं."

त्याने माझी पिशवी उचलली, माझ्या आधी खाली उतरला आणि मला उतरायला हात दिला. मी तो धरला.