हवा की स्प्रिंग: पेडण्याचा सडा, डिचोलीची लाल वाट आणि माझी पाठ

मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा की, बागेत वगैरे." बागेत. डोंगर उतरणाऱ्या बाईला हे बागेत फिरवायला निघाले. घरी येऊन मी आधी पोटभर रडले आणि मग मोबाइल घेऊन बसले. तिथं माउंटन बाइकवाल्यांचं एक जुनं भांडण चालूच असतं: मागच्या चाकाचे धक्के गिळणाऱ्या शॉकमध्ये हवा बरी की स्प्रिंग? स्प्रिंगवाल्यांचं म्हणणं असं की, बारीक खडखडाट ती पार गिळून टाकते, पाठीपर्यंत काही पोचू देत नाही. 'पाठीपर्यंत' हा शब्द वाचला आणि मी अडकलेच.

माझ्या सायकलीला पहिल्यापासून हवेचा शॉक. वजनाला हलका, छोट्या पंपानं हवा कमीजास्त केली की झालं. आता मी त्याच मापाचा एक वापरलेला स्प्रिंगचा शॉक मिळवला आणि माझ्या वजनाला जुळणारी नवी स्प्रिंग मागवली. माझा नवरा, विलास, ती हातात तोलून म्हणाला, "शॉकअप बदलून मणका बदलतो का गं?" मी त्याचं ताट वाढलं. 

मग ठरवलं, गोव्यात पेडण्याला जायचं आणि दोन्ही शॉक चालवून बघायचे. पेडण्यालाच का, तर लग्नाआधी मी तिथल्या एका औषध कंपनीत नोकरीला होते आणि डोंगरात सायकल चालवायला तिथंच शिकले. मनाशी एवढंच घोकत होते की तिथं जमलं तर जमलं. तिथंही नाही जमलं तर सायकल संपली, परत आशा लावून घ्यायची नाही.

कोल्हापूरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता धरला. सकाळी लवकर निघालात तर जेवायला पेडण्यात पोचता. सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर होती. आंबोलीच्या वळणांवर रॅकचे पट्टे सैल पडतात, घाट उतरल्यावर एकदा आवळून घ्या. पेट्रोल पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर भरा, गोव्यात थोडं स्वस्त पडतं. मला आजऱ्यात, आंबोलीत आणि सावंतवाडीत उतरून बॉनेटला टेकून उभं राहावं लागलं. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "गाडी तापली काय ओ?" मी म्हटलं, "हो, तापलीय."

पेडण्यात मी सुलक्षाकडे उतरले. ती माझी कंपनीतली मैत्रीण, एकाच पाळीत असायचो. तिच्या सायकलीला मागं शॉकच नाही, आणि तरी ती माझ्यापुढं असायची. तिच्या आईनं, कुसुमकाकीनं, सोप्यावर चटई टाकली.

"इलंस गो बाय? बस."

"बसवत नाही काकी, उभीच बरी."

"मगे सायकलीर कशी बसतलंस?"

सुलक्षा हसली, मीही हसले. जेवणात सोलकढी, सुंगटाचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, आणि भात होता. मी ओट्याला टेकून उभ्यानंच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेचा शॉक घेऊन सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. विमानतळ झाल्यापासून बराच भाग कुंपणात गेलाय, उरल्यासुरल्या वाटा गुरांच्या. तिथं जाणाऱ्यांसाठी एक सांगते. घाटमाथ्यावरच्या थंडीत भरलेली हवा खाली उन्हात फुगते आणि शॉक कडक होतो, म्हणून खाली आल्यावर परत मोजा. सीटवर बसलं की शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं सरकतं. दांड्याच्या पाव ते तिसरा हिस्सा सरकलं तर हवा बरोबर. माझं कडं अगदी जागेवर होतं, म्हणजे शॉकला नावं ठेवायला जागा नव्हती.

तरी मी ठेवलीच. जांभ्यावरचा प्रत्येक खळगा मला कमरेत मोजता येत होता. थोड्या वेळानं डाव्या पायाची बोटं बधिर झाली आणि पेडल कुठं आहे ते बघून पाय ठेवायला लागले. सुलक्षा मागून म्हणाली, "अगो, थांबूया मगे?" मी म्हटलं, "पायाचं काही नाही, ही हवाच कडक आहे." मी हवा कमी केली. मग शॉक खालपर्यंत आपटायला लागला. परत भरली, परत सोडली. मी एवढी चिडले की पंप कातळावर आपटला. त्याचा हवा मोजायचा काटा वाकला, तो वाकलेलाच आहे.

परत येताना काकी देवळाशी उभी होती. "आमच्याकडे देवाक इचारल्याशिवाय घराचा दार पण बदलनत नाय," ती म्हणाली. पेडण्यात ही रोजची गोष्ट आहे. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न मोठ्यानं सांगतात आणि कुठली आधी गळते ते बघत बसतात. लग्न, विहीर, नोकरी, काहीही विचारतात. मी देवभोळी नाही. पण त्या दिवशी मी कुणालाही विचारलं असतं, रस्त्यावरच्या म्हशीलासुद्धा.

पुजाऱ्यांनी विचारलं, "बोला, काय विचारायचं?"

"हवेचा शॉक की स्प्रिंगचा," मी म्हटलं.

ते गडबडले नाहीत. सायकलीकडं एकदा बघून म्हणाले, "उजवी स्प्रिंग, डावी हवा. आणखी काही विचारायचं आहे? विचारलं नाही तर देव सांगत नाही हां."

काकी माझ्याकडं बघत होती. दुसरा प्रश्न तिला माहीत होता आणि मलाही. मी म्हटलं, "नाही, एवढंच." बराच वेळ काही हललं नाही. मग उजवीकडची पाकळी गळली, आणि आतून असं हलकं वाटलं की काय सांगू.

दुपारी सोप्यावरच शॉक बदलला. मागचं चाक काढायचं, वरचा बोल्ट सोडायचा, मग खालचा, काम एवढंच. दोन्ही शॉकची लांबी एकच आहे ना हे विकत घेण्याआधी तपासा, नाहीतर फ्रेमला मार बसतो. आणि स्प्रिंगवर आकडा लिहिलेला असतो, तो तुमच्या वजनाशी जुळायला हवा. हवेसारखं पंप मारून चालत नाही. स्प्रिंग कमी पडली तर दुसरी घ्यायची. जड असते ती, माझी सायकल उचलताना सुलक्षानं तोंड वाकडं केलं.

तिसऱ्या दिवशी गाडीनं इब्रामपूर, रेवोडा, अस्नोडा करत डिचोलीला गेलो. बाजारात पातळभाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, खाल्ले. किरकोळ पैशांत दोघींची पोटं भरतात, फक्त लवकर जा, पाव संपतात. गाडी तिथंच लावली. पुढं बंद पडलेल्या खाणींचे रस्ते आहेत, तिथं विचारल्याशिवाय शिरू नका. आम्हाला सुलक्षाच्या ओळखीच्या एका वॉचमननं आत सोडलं. "पडल्यात तर माझां नाव सांगू नकात," तो म्हणाला.

आणि तो उतार. ट्रक जाऊन जाऊन रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या, वर लाल माती, खाली सुटे खडे. पेडलवर उभी राहिले आणि सायकल सोडली. मागचं चाक खाली काय करतंय याचा पत्ताच लागेना. खडखड ऐकू येत होती, पण अंगात शिरत नव्हती. वळणावर चाक जमीन सोडत नव्हतं. इंटरनेटवरचे सगळे बडबडे खरं बोलत होते. मी वेड्यासारखी हसत खाली आले, तोंडात माती. सुलक्षा तिच्या बिनशॉकच्या सायकलीवर माझ्याआधी पोचून उभी होती.

"काय गो?"

"जमलं," मी म्हटलं. "सुलक्षा, जमलं मला."

मला तिथंच परत फिरायची बुद्धी झाली नाही. आनंदाच्या भरात मी म्हटलं, आमोण्यापर्यंत जाऊ, नदी बघू. आमोण्याला मांडवीच्या काठानं शेताचा बांध आहे, सपाट आणि मऊ. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला पाणी, लांबवर मुरगावकडं निघालेली मालवाहू बार्ज. लहान मूलही चालवील अशी ती वाट. उताराला आपण उभे असतो, सपाटीवर सीटवर बसतो. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती.

खळगे नव्हते, खडे नव्हते, शॉकला काही कामच नव्हतं. तरी आधी बोटं गेली, मग टाच, मग गुडघ्यापर्यंत सगळं. थांबायला पाय टेकला तर तो टेकलाय की नाही कळेना. मी सायकलीसकट भातात पडले.

खाचरात एक बाई तण काढत होती. ती उठून आली, सायकल बाजूला केली. "लागला काय गो?"

"नाही. पाय कळत नाही."

"पाय कळना नाय तर सायकल कित्याक?" असं म्हणून तिनं माझा बूट काढला आणि पाय चोळत बसली. ती चोळत होती ते मला दिसत होतं. कळत नव्हतं.

सुलक्षा गाडी आणायला डिचोलीला गेली. मी बांधावर पालथी पडून राहिले, कारण तेवढंच जमतं. मग लक्षात आलं की हवेचा दोष नव्हता आणि स्प्रिंगचाही गुण नव्हता. मला धक्के बाधत नव्हते, बसणंच बाधत होतं. गाडीत, चटईवर, ताटावर, सगळीकडं मला ते कळत होतं, आणि मी मात्र शॉकचे भाव बघत होते. मी देवालासुद्धा सोपा प्रश्न घातला. त्यानं उत्तर बरोबर दिलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्या बांधावर मला वाटलं की आता पुढं काहीच नाही. असं वाटणं जाईल असं लोक म्हणतात. हे लिहिते आहे तेव्हापर्यंत तरी ते गेलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी सुलक्षाला म्हटलं, "सायकल तू ठेव."

"खुळी काय? बरी झालीस की लागतली तुका."

"सुलक्षा."

ती आतून पाना घेऊन आली. मग आम्ही दोघींनी स्प्रिंगचा शॉक काढला आणि हवेचा परत बसवला. सुलक्षा माझ्यापेक्षा बरीच हलकी, माझी स्प्रिंग तिच्याखाली हललीच नसती. हवा कुणाच्याही वजनाला भरता येते. वाकलेल्या काट्याच्या पंपानंच अंदाजानं भरली. तिला बसवलं, कडं किती सरकलं ते बघितलं, थोडी सोडली, परत बसवलं. काकी दारात उभी राहून सगळं बघत होती. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वायच हळू जा." रिकामा रॅक आंबोलीच्या चढाला सगळा वेळ खुळखुळत होता.

कुणी विचारलंच तर माझं मत असं आहे. सड्यावर, चढउतारात, एकच सायकल दोघांनी चालवायची असेल तर हवा घ्या. डिचोलीच्या लाल उतारांसाठी स्प्रिंग, डोळे झाकून. जाणार असाल तर थंडीच्या शेवटी जा, दोनच दिवस पुरतात, राहायला पेडण्यात स्वस्त खोल्या मिळतात. आणि जाण्याआधी स्वतःला खरा प्रश्न विचारून जा, हे मी तुम्हाला सांगते, मला जमलं नाही ते.

विलासनं स्प्रिंग परत हातात तोलली. "विकून टाकायची?"

"माझ्याच वजनाचं कुणीतरी मिळायला हवं."

"मिळेल की," तो म्हणाला. 

गेल्या आठवड्यात सुलक्षानं एक व्हिडिओ पाठवला. सड्यावर ती माझी सायकल चालवतेय आणि कुणीतरी मागून शूटिंग केलंय. मी ती सायकल इतकी वर्षं चालवली, पण तिचा मागचा शॉक काम करताना कधी पाहिला नव्हता, वर असलेल्या माणसाला तो दिसत नाही. चाक खळग्यात जातं, वर येतं, परत जातं, आणि सुलक्षा जागच्या जागी. मी उभ्यानं बघत होते. विलास खांद्यावरून डोकावला.

"कसा चालतोय?"

"छान," मी म्हटलं. "अगदी छान चालतोय." आणि मला रडू आवरलं नाही.